कुत्रा आधी बोलवा: रानालगतच्या गावांना आणि पोलीस ठाण्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे आणि काणकोण तालुक्यांतील सर्व सरपंच, पंच सदस्य, पोलीस निरीक्षक आणि मामलेदार यांस

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या गावांत माणूस हरवला की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. घरची माणसे आधी शेजारीपाजारी विचारतात, मग विहिरीत डोकावतात, मग वाड्यावरची पोरे बॅटऱ्या घेऊन काजूच्या बागांत शिरतात. देवळात जाऊन देवाला कौल लावला जातो. रात्रभर डोंगरात हाका चालतात. सकाळी पोलीस येतात, अग्निशमन दलाची गाडी येते, वनरक्षक येतात, कुणाचा तरी ड्रोन उडतो. दुपार टळते, सगळे हात टेकतात आणि तेव्हा कुणीतरी म्हणतो, "श्वान पथक मागवूया का?" कुत्रा आणि त्याचा हँडलर (त्याला हाताळणारा माणूस) पोचतात तोवर ती वाट शंभर पायांनी तुडवलेली असते आणि हरवलेल्या माणसाचे कपडे घरातल्या दारातल्या सगळ्यांच्या हातांतून फिरलेले असतात. कुत्रा अंगणातून निघतो, पायवाटेपर्यंत जातो, परत फिरतो, रस्त्यावर घुटमळतो. गर्दीतून आवाज येतो, "काही उपयोग नाही."

उपयोग आहे. क्रम उलटा झालेला असतो, म्हणून तो दिसत नाही. कुत्रा सर्वांत आधी यायला हवा आणि तो येईपर्यंत त्याच्यासाठी जागा राखून ठेवायला हवी. मला एवढेच सांगायचे आहे, पण त्यामागची कारणे समजल्याशिवाय ऐन गडबडीत कुणी ते पाळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सत्तरीचा. केंद्रीय सशस्त्र दलात कुत्र्यांसोबत नोकरी केली, माग काढणारी आणि स्फोटके शोधणारी अशी दोन्ही प्रकारची कुत्री हाताळली आणि निवृत्त होऊन गावी परतलो. आता परिसरातल्या काही तरुण मुलामुलींबरोबर शोधाची कुत्री तयार करतो. मला कुठले पद नको, कंत्राट नको.

माणूस चालतो तिथे तो स्वतःला थोडा थोडा सांडत जातो. त्वचेचे मेलेले सूक्ष्म कण दर मिनिटाला हजारोंनी अंगावरून झडतात. त्यांत घाम, अंगाचे तेल आणि त्वचेवरचे जिवाणू मिसळून ज्याचा त्याचा वास तयार होतो. जड कण गवताच्या बुडाशी, पालापाचोळ्यात, दगडाच्या खाचेत बसतात. हलके वाऱ्यावर जातात. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख. जर्मन शेफर्डसारख्या कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहून अधिक. शिवाय कुत्रा श्वास सोडतो तो नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही, उलट नव्या हवेबरोबर आत ओढला जातो. हुंगताना सेकंदाला पाचेक वेळा ही ये-जा चालते. एवढे सामर्थ्य घेऊन आलेला प्राणी आपण शंभर माणसांच्या, दोन जीपच्या धुराच्या आणि चहाच्या टपाच्या मध्ये उभा करतो.

शोधाचे कुत्रे दोन पद्धतींनी काम करतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. एक दोरीवर चालतो. त्याला हरवलेल्या माणसाचे कापड हुंगायला देतात आणि तो त्याच एका माणसाचा माग धरतो. दुसरा मोकळा सुटतो आणि हवेतून येणारा कुठल्याही माणसाचा वास पकडून उगमापर्यंत जातो. पहिल्याला वाट स्वच्छ लागते आणि कापड निर्भेळ लागते. दुसऱ्याला रान रिकामे लागते, कारण रानात पन्नास माणसे शोध घेत असतील तर तो इमानाने एकेक करून त्या पन्नासांनाही शोधून काढील. म्हणजे गर्दी दोघांचेही काम बिघडवते.

आता आपल्या भूभागाचे ऐका. आपल्या डोंगरांत वास सरळ रेषेत जात नाही. सकाळी ऊन चढले की उतारावरची हवा तापून वर सरकते. संध्याकाळी ती थंड होऊन खाली घसरते आणि व्हाळात, म्हणजे ओढ्यात, साचते. गेल्या हिवाळ्यात एका काजूच्या डोंगरावर आमचा सराव होता. लपायला पाठवलेला मुलगा उताराच्या मध्यावर, एका बंद चिरेखाणीच्या आडोशाला बसला होता. सूर्य कलला होता. आमची मैना (मॅलिनॉइस जातीची कुत्री आहे) माथ्यावरून सुटली ती मुलाला वळसा घालून थेट खाली व्हाळात. बघायला आलेले लोक म्हणाले, चुकली. खाली ती थांबली. तोंड वर, नाकपुड्या फडफडताहेत, शेपूट आडवी ताठ. पाण्याच्या कडेने थोडी पुढे गेली, परत आली आणि अचानक कुणी कान धरून वळवावे तशी तिची मान उताराकडे वळली. मग नागमोडी चढाई सुरू झाली. डावीकडे वास संपला की उजवीकडे, उजवीकडे संपला की डावीकडे, प्रत्येक वळण आधीच्यापेक्षा आखूड. चिरेखाणीच्या तोंडाशी पोचली आणि भुंकू लागली. मुलाचा वास थंड हवेबरोबर व्हाळात उतरला होता. तो जिथे दाट होता तिथे ती आधी गेली आणि तिथून धागा धरून वर चढली. माथ्यावर उभे राहून 'चुकली' म्हणणाऱ्याला हे कळणे शक्यच नव्हते. म्हणून विनंती आहे की कुत्रा कामाला लागल्यावर त्याला दिशा दाखवू नका. हँडलर वेळ, उतार आणि वारा बघून त्याला कुठून सोडायचे ते ठरवतो, पुढचे कुत्र्यावर सोपवतो.

शेजारच्या तालुक्यातल्या एका गावात जे घडले ते गावाचे नाव न घेता सांगतो, कारण ते कुठल्याही गावात घडू शकते. एक वयस्क गृहस्थ, स्मृतिभ्रंश झालेले, संध्याकाळी अंगणातून निघाले ते परतले नाहीत. गाव मायेचे. रात्रभर एकही पुरुष घरी झोपला नाही. चारी बाजूंचे रान त्यांच्या नावाच्या हाकांनी भरून गेले. आम्हाला निरोप आला तो दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर. त्यांची उशी मागितली, तर अभ्रा त्याच सकाळी धुवायला टाकला होता. घर आवरलेले असावे, माणसे येणार, म्हणून सुनेने चादरी बदलल्या होत्या. चपला शेजाऱ्याने उचलून ओटीवर ठेवल्या होत्या. अंगणात माणसेच माणसे. माग निघालाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लाकडे आणायला गेलेल्या बाईला ते दिसले. घराच्या कुळागराला (सुपारीच्या बागेला) लागून असलेल्या बांबूच्या बेटात, खाली सरकून अडकलेले, अर्धवट शुद्धीत. जीव वाचला. पण ज्या पायवाटेवरून शोध घेणारी माणसे रात्रभर ये-जा करत होती, ती तिथून हाकेच्या अंतरावर होती. हाका त्यांनी ऐकल्या असतील, नसतील. स्मृतिभ्रंशाचा माणूस हाकेला ओ देत नाही, कित्येकदा घाबरून आणखी दडतो. लहान मुलेही रात्री अनोळखी आवाज ऐकून गप्प बसतात. हाका मारण्यावर बेतलेला शोध नेमका ज्यांच्यासाठी सर्वांत जास्त हवा, त्यांच्याच बाबतीत लंगडा पडतो. कुत्र्याला मात्र ओ लागत नाही. ते गृहस्थ श्वास घेत होते, त्यांच्या अंगाचा वास बांबूच्या बेटातून पायवाटेवर येत होता. पहिल्या रात्री मोकळे रान मिळाले असते तर हवेतला वास घेणाऱ्या कुत्र्याला ते बेट सापडायला फार वेळ लागला नसता, असे मी जबाबदारीने म्हणतो.

तेव्हा माणूस हरवल्याचे कळताच ११२ वर फोन करा आणि त्याच फोनमध्ये श्वान पथक मागा. २४ तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत हा समज अजून आपल्याकडे पक्का आहे. असा कुठलाही नियम नाही. मूल हरवले असेल तर गुन्हा ताबडतोब नोंदवावा, असे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावले आहे. पोलीस निरीक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे की त्या पहिल्या तासात आईवडिलांना "नातेवाइकांकडे बघा, येईल परत" म्हणून घरी पाठवू नका. ताज्या वासाची किंमत प्रत्येक तासागणिक घटत जाते. दुपारचे कडक ऊन किंवा धो धो पाऊस आला तर ती झपाट्याने घटते.

घरातल्या एकाच माणसाला कापडाचे काम द्या. अंगाला लागून असलेले, न धुतलेले काहीही चालते: गंजी, उशीचा अभ्रा, टोपी, मोजा. उघड्या हाताने उचलायचे नाही. स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी उलटी करून हातावर चढवायची, तिच्यातूनच कापड पकडायचे आणि पिशवी सुलटी करत कापडासकट तोंड बांधायचे. हे एवढे काम दहावीतला मुलगाही नीट करतो. कापड आधीच कुणी हाताळले असेल तर लपवू नका, हँडलरला सांगा आणि ज्याने हाताळले तो माणूस तिथेच उभा राहू द्या. कुत्रा त्याला हुंगून वगळतो आणि उरलेल्या वासामागे जातो. नाहीतर तो सुनेच्या मागे स्वयंपाकघरात जातो आणि आपण म्हणतो कुत्रा बिनकामाचा.

हरवलेला माणूस शेवटचा जिथे दिसला ती जागा दोरी बांधून मोकळी ठेवा. दोरी नसेल तर चार काठ्या रोवा. मदतीला आलेल्यांना देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात बसवा आणि तिथे खरी मदत करू द्या: रस्त्यांवर, बस थांब्यावर, तिठ्यांवर उभे राहणे, फोन करणे, फोटो पोचवणे. गावकऱ्यांची माया मला कमी लेखायची नाही. रानातली प्रत्येक वाट जाणणारी दोन-तीन जाणती माणसे हँडलरला लागतातच, पण ती त्याच्या मागून चालणारी हवीत. गाडी घरापर्यंत आणू नका, इंजिन चालू ठेवून उभी करू नका. आणि गावातली मोकळी कुत्री तेवढा वेळ बांधा; अंगावर धावून आलेली ही कुत्री शोधाच्या कुत्र्याचा दिवस फुकट घालवतात.

आणखी एक गोष्ट पोलिसांसाठी आणि जास्त बोलणाऱ्यांसाठी. तुमचा संशय हँडलरच्या कानात घालू नका. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी कुत्रा आणि हँडलर अशा १८ जोड्यांची परीक्षा घेतली. खोल्यांमध्ये अमली पदार्थ नव्हते, स्फोटकेही नव्हती. मात्र काही ठिकाणी लाल कागद लावून हँडलरांना सांगितले होते की तिथे माल आहे. दोनशेहून अधिक चुकीचे इशारे नोंदले गेले आणि कागद होता तिथे त्यांचे प्रमाण जास्त होते. कुत्रा धन्याचे अंग वाचतो. हँडलर एखाद्या दाराशी किंचित रेंगाळला, त्याने दोरी जरा आवळली, तरी कुत्र्याला ते कळते. तुम्ही "तो अमक्याच्या बागेत गेला असणार, त्यांचा वाद होता" असे सांगितलेत की तुम्ही हँडलरला तो लाल कागद दाखवलात. चोरीच्या तपासात हे आणखी घातक. कुत्रा एखाद्याच्या दाराशी थांबला म्हणून गावाने त्याला चोर ठरवल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अर्धशतकापूर्वी म्हटले होते की कुत्र्याच्या मागावर माणसाचे स्वातंत्र्य टांगता येणार नाही, कारण कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही. आयुष्य कुत्र्यांसोबत घालवलेला माणूस म्हणून मला ते शंभर टक्के मान्य आहे. कुत्रा तपासाला दिशा देतो, निवाडा देत नाही.

रानातून ढिगाऱ्याकडे येतो. ४ जानेवारी २०१४ काणकोणवासी विसरलेले नाहीत. तिथल्या चावडी भागात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, मजूर गाडले गेले, उपसा कित्येक दिवस चालला. त्याच वर्षी ३० जुलैला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, १५१ माणसे गेली. अशा वेळी आपला पहिला धावा जेसीबीसाठी असतो. ढिगाऱ्यावर जेसीबी चढला की डिझेलचा धूर पसरतो, पोकळ्या दबतात आणि आतून वर येणारा वासही मिसळून जातो. योग्य पद्धत अशी की यंत्रे बंद, माणसे खाली, पूर्ण शांतता आणि आधी कुत्रा. त्याने भुंकून दाखवले की त्याला बाजूला घ्यायचे आणि दुसरा कुत्रा कोरा आणायचा, त्याला काहीही न सांगता. दोघांनी एकच जागा दाखवली की तिथे हाताने खोदायला घ्यायचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ज्युलीने नुरदागी इथे ढिगाऱ्याखाली जिवंत माणूस असल्याचा इशारा दिला. मग रोमिओला आणले, त्यानेही तीच जागा दाखवली. खालून सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली. दोन्ही कुत्री लॅब्रॅडॉर. डोळे, कॅमेरे, यंत्रे, सगळे तिथे होते. जागा कुत्र्यांनी दाखवली.

जिवंत माणूस शोधणारा कुत्रा आणि मृतदेह शोधणारा कुत्रा वेगळा असतो, हेही लक्षात असू द्या. दोघांना वेगवेगळ्या वासावर घडवलेले असते आणि मागतानाच नेमका कुठला हवा ते सांगावे लागते. केरळ पोलिसांनी मृतदेह शोधणारी मॅलिनॉइस कुत्री तयार केली; त्यांतली माया आणि मर्फी वायनाडच्या २०२४ च्या दरडीत राबली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेलंगणातल्या श्रीशैलम कालव्याच्या बोगद्यात अडकलेल्या मजुरांच्या शोधासाठी मार्चमध्ये त्यांनाच नेले. केरळ आपल्यासारखेच सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेले आहे. पाऊस तोच, दरडीही त्याच. त्यांनी केले ते आपल्याला अशक्य नाही.

बुडालेल्यांच्या बाबतीतही कुत्रा उपयोगी पडतो, हे आपल्याकडे फारसे कुणाला पटत नाही. पाण्याखालच्या देहातून वायू आणि तेलकट अंश पृष्ठभागावर येतात आणि होडीच्या नाळेवर बसवलेला शिकवलेला कुत्रा ते पकडतो. मात्र तो जिथे इशारा देतो तिथे सरळ खाली देह असतोच असे नाही, प्रवाह आणि वारा हिशेबात धरावे लागतात. भरती-ओहोटीच्या नदीत हे काम अवघड. बंद खाणींच्या खंदकांत साचलेल्या स्थिर पाण्यात त्या मानाने सोपे.

आता सरकारदरबारी तुम्ही काय मागावे, ते लिहितो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. मोठ्या आपत्तीत तीच आपला आधार, पण एका हरवलेल्या आजीसाठी पुण्याहून तुकडी येणार नाही, तशी अपेक्षाही धरू नये. पणजीहून करमल घाट उतरून काणकोणला यायलाही दीड-दोन तास जातात. म्हणून शोधाच्या कुत्र्यांच्या जोड्या वाळपई आणि काणकोण अशा दोन टोकांना कायमच्या हव्यात, मग त्या पोलिसांच्या असोत वा अग्निशमन दलाच्या. विमानतळावर आणि मोठ्या नेत्याच्या सभेआधी कुत्रा न सांगता आधी येतो, गर्दीला नंतर आत सोडतात. तिथे हा क्रम सगळ्यांना मान्य आहे. आपल्या वाड्यावरच्या माणसासाठीही तोच क्रम मागा.

जोडी म्हणतो ती मुद्दाम. कुत्रा एकट्याने काम करत नाही. हँडलरला त्याच्या शेपटीतला फरक, श्वासातला बदल वाचता यायला महिनोन्महिने जातात. मग हँडलरची बदली वाहतूक शाखेत होते आणि नवा माणूस त्याच कुत्र्यापुढे परका होऊन उभा राहतो. कुत्रा आठ-दहा वर्षांचा होऊन निवृत्त होईपर्यंत त्याच्या हँडलरची बदली करू नये, असा नियम करून घ्या. यात पैसा लागत नाही.

कुठल्या जातीचा कुत्रा, असे मला सारखे विचारतात. काहीजण शेजारच्या कर्नाटकातल्या बागलकोटचा मुधोळ सुचवतात. मुधोळ मुळात नजरेवर आणि वेगावर शिकार करणारा आहे. नाकाच्या कामासाठी मी जातीपेक्षा हाव बघतो. उंच गवतात चेंडू फेकायचा, पिल्लाला धरून ठेवायचे, गोल फिरवायचे, मग सोडायचे. जे पिल्लू दोन मिनिटांत कंटाळून परत येते ते घरी पाळायला उत्तम. जे दहा मिनिटे गवत चाळत राहते आणि उचलून आणावे लागते, ते आमच्या कामाचे. अशी हाव काही गावठी पिल्लांतही मी पाहिली आहे आणि आपली हवा त्यांना मानवते. हवेचा प्रश्न इथे मोठा आहे. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि आपल्या दमट हवेत धापेने पाणी नीट उडत नाही. त्यात धापा टाकणारा कुत्रा हुंगू शकत नाही. एप्रिलमध्ये तापलेल्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) त्याचे पंजे भाजतात. अंगाचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले की जीव धोक्यात येतो. म्हणून पहाटेपासून ऊन चढेपर्यंत आणि सूर्य कलल्यावर, वीस-तीस मिनिटे काम आणि मग सावलीत विश्रांती, असेच चालवावे लागते. कुत्रा झाडाखाली बसलेला दिसला की "हा काय आराम करतोय" म्हणून ओरडू नका, त्यापेक्षा बादलीभर पाणी आणून द्या. सड्यावर पाणी मिळत नाही.

गोचिडीही इथल्या. गोचीडतापाने चांगले कुत्रे हातचे जाताना मी पाहिले आहेत. सत्तरीत माकडतापही आहे, त्यामुळे जानेवारी ते मे या काळात रानात शिरणाऱ्या माणसांनीही हातापायांना गोचीड पळवणारे तेल चोळून, पूर्ण कपडे घालूनच जावे. पशुवैद्यक खात्याने या कुत्र्यांची नियमित रक्ततपासणी आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी आपल्याकडे घ्याव्यात, ही आणखी एक मागणी.

वनखात्यालाही यात ओढा. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत चार वाघ विषाने मेले, ते आपण सगळ्यांनी वाचले. स्पेन आणि इटलीत रानात टाकलेले विषारी आमिष हुंगून काढणारी कुत्री कामाला आहेत. आपल्याकडेही २००८ पासून वन्यजीवांची तस्करी पकडण्यासाठी कुत्री तयार होतात. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे केंद्र आहे, पंचकुल्याजवळ भानूला भारत-तिबेट सीमा पोलिसांचे. शिकवणारे आहेत, शिकायला पाठवणारे हवेत.

हे सगळे एका पत्राने होणार नाही, पण पहिला भाग तुमच्या हातात आजच आहे. पंचायतीच्या फलकावर कापड कसे उचलायचे ते चित्रासह लावा. शेवटची जागा राखण्याची जबाबदारी प्रत्येक वाड्यावर एका माणसाला नेमून द्या. आशा ताई किंवा स्वयंसाहाय्य गटातल्या बायका हे काम कुणाहीपेक्षा चोख करतील. काजूचा हंगाम सुरू झाला की माणसे एकेकटी डोंगरावर जाऊ लागतात आणि श्रावणात ओळमी (रानातली अळंबी) शोधायला रानात शिरतात. त्याआधी एकदा सराव करून घ्या.

सराव घ्यायला आम्ही येऊ. ग्रामसभा संपल्यावरची दोन तासांची वेळ पुरे. पैसे नकोत. एक मोकळा उतार, सावली, पाण्याची सोय आणि गावची कुत्री तेवढा वेळ बांधलेली, इतके करा. लपायला दोन माणसे लागतील, ती गावातलीच द्या. त्यांनी आदल्या रात्री घातलेल्या गंज्या पिशवीत बांधून आणाव्यात, उघड्या हाताने न उचलता.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सत्तरीतला एक निवृत्त श्वान-हस्तक